सामाईक फाइल आणि अण्णांचा खोकला

माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर सोळा वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता. त्यातली शेवटची सहा वर्षं मी त्यांचा जावई होतो आणि मी त्याला हात लावला नव्हता, एवढंच माझं त्यातलं योगदान.

सासऱ्यांना सगळं चामराजपेट अण्णा म्हणतं आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणतो. त्यांचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलंय की नेमकं कुठून आलं यावर नातेवाइकांत दोन तट आहेत, आणि ते दोन तट एकमेकांकडे जेवायला जात नाहीत. मी निपाणीचा. नोकरीसाठी इथं आलो आणि बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर बसून सॉफ्टवेअर लिहितो. माझं मराठी अण्णांना शाळेच्या पुस्तकातलं वाटतं आणि माझं कन्नड त्यांच्या शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

अण्णांचा धंदा लग्नपत्रिकांचा. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक प्रिंटर, कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आणि तो कॉम्प्युटर. वर मराठी मजकूर, खाली कन्नड, मध्ये गणपती. पेटेतल्या जवळपास प्रत्येक मराठी घरातलं लग्न आधी त्या पडद्यावर लागलं आणि मग मांडवात. पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअरही जुनंच. त्यातली ती वळणदार अक्षरं दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उमटत नाहीत. अण्णांच्या अक्षरांवरून लोक ओळखतात, "चामराजपेटेतली पत्रिका दिसते!"

आता या घरातल्या जावयाच्या मानाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. लग्नानंतर पहिल्या जेवणाला मी कारल्याची भाजी छान झाल्याचं (भीतीपोटी, खोटंच) सांगितलं होतं. त्यानंतर सहा वर्षं, मी येणार म्हटलं की त्या घरात कारली शिजतात. मी पंखा बंद करा म्हटलं तर वीस माणसं घाम पुसत बसतात. जावयाला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही, असा तिथला कायदा आहे. मला तो कायदा आवडायचा. त्या रविवारपर्यंत.

त्या रविवारी माझ्या मेव्हणीच्या, म्हणजे शुभाच्या, लग्नाची पहिली पत्रिका निघायची होती. पहिली पत्रिका घरच्याच प्रिंटरवर काढायची, देवापुढे ठेवायची, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं आणि मग व्याह्यांच्या हातात द्यायची, अशी पद्धत. व्याही दावणगेऱ्याहून निघाले होते, चारच्या सुमारास पोचणार होते. आणि साडेचारला राहुकाल! बेंगळुरात माणूस सिग्नल मोडेल, पण राहुकाल मोडणार नाही.

मी आणि माझी बायको रेणुका अकराला पोचलो. मजकूर तयार होता. अण्णांनी तो आठ दिवस खपून जुळवला होता, कोणत्या काकांचं नाव कोणाच्या वर, यावरून दोन भांडणं मिटवून. नुसतं छापायचं बटण दाबायचं बाकी होतं.

"भावोजी," शुभा म्हणाली, "काल मी फोनवर म्हटलं तो काळा चौकोन पत्रिकेवर टाकता येईल ना हो? फोन समोर धरला की कल्याणमंटपाचा नकाशा उघडतो, तो?"

"त्यात काय!" मी बाह्या सरसावल्या. "पाच मिनिटांचं काम."

(माझ्या कंपनीत मी कुठल्याही कामाला तीन आठवडे सांगतो. सासुरवाडीत पाच मिनिटं.)

मी खुर्चीत बसलो. मॉनिटरच्या कपाळावर सेलोटेपनं एक पिवळी पडलेली कन्नड चिठ्ठी चिकटवलेली होती. मला कन्नड बोलता येतं, पण वाचायचं म्हणजे एकेका अक्षरावर बोट फिरवावं लागतं, आणि सासुरवाडीत बोट फिरवत वाचणं जावयाला शोभत नाही. तेव्हा मी चिठ्ठी ओढून काढली, चुरगळली आणि केराच्या टोपलीत टाकली. माझ्या मागं उभ्या असलेल्या अण्णांनी घसा खाकरला.

"धूळ फार झालीय अण्णा इथं."

"होय की," अण्णा म्हणाले.

या जुन्या कॉम्प्युटरवर चालेल असं चौकोन बनवायचं सॉफ्टवेअर मी आदल्या दिवशी शोधून पेनड्राइव्हवर आणलं होतं. ते सुरू केलं. अर्ध्यावर पडद्यावर प्रश्न आला, 'या नावाची फाइल आधीपासूनच आहे. तिच्या जागी ही नवी ठेवू का?' खाली 'हो', 'नाही' आणि 'सगळ्याला हो' अशी तीन बटणं.

मागून अण्णा जोरात खोकले.

"अक्का! अण्णांना पाणी आणा हो!" मी ओरडलो आणि 'सगळ्याला हो' दाबलं.

इथं थोडी तांत्रिक माहिती देतो, घाबरू नका. जुन्या कॉम्प्युटरात काही फाइली सामाईक असतात. चार सॉफ्टवेअरं मिळून एकच फाइल वापरतात, जागा वाचते. पंचाईत एवढीच की एकाला ती फाइल जुनी लागते आणि दुसऱ्याला नवी. दुसऱ्यानं आपली नवी आणून तिथं बसवली की पहिला उपाशी मरतो. हे मला माहीत होतं. मी यावर कंपनीत नव्या लोकांना दीड तासाचं व्याख्यान देतो.

चौकोनाचं सॉफ्टवेअर झकास उघडलं. मग मी अण्णांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं. ते उघडलं, अमुक फाइलीत तमुक सापडत नाही असं इंग्रजीत म्हणालं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

"काय झालं?" रेणुकानं विचारलं.

"काही नाही. आपलं नवं काढून टाकतो, की झालं पूर्ववत."

मी नवं सॉफ्टवेअर काढायला घेतलं. काढता काढता कॉम्प्युटरनं विचारलं, 'ही सामाईक फाइल आता कोणीच वापरत नाही असं दिसतं. काढून टाकू का?'

अण्णांना या वेळी असा ठसका लागला की बाहेर उभा असलेला रिक्षावाला आत डोकावला.

"अक्का, पाण्यानं भागणार नाही! कषाय करा!" मी म्हटलं आणि 'हो' दाबलं.

आता जुनी फाइल नाही, नवीही नाही. पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडेनासंच झालं. अक्का आलं-मिऱ्यांचं कषाय घेऊन आल्या. अण्णा निमूटपणे प्यायले. कढत होतं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"बघ, किती त्रास होतोय त्यांना," मी रेणुकाला म्हणालो. "उद्या डॉक्टरकडे ने."

मग मी हरवलेली फाइल इंटरनेटवर शोधायला लागलो. त्या कॉम्प्युटरवर कुठलीच साइट उघडेना, म्हणून फोनवर शोधली. एका साइटवर ती फाइल होती आणि तिच्याभोवती डाउनलोडची पाच बटणं होती, त्यातली चार खोटी. चारही खोटी बटणं आधी दाबून (त्यातल्या एकानं मला वजन कमी करायचं चूर्ण दाखवलं) मी ती फाइल मिळवली. जागेवर ठेवायला गेलो तर अण्णा पुन्हा खोकले. आता अक्कांनी त्यांच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि छातीला बाम चोळला. दुपारचा एक वाजला होता, खोलीत पंखा बंद होता (मीच बंद करायला सांगितला होता, कागद उडतात म्हणून), आणि अण्णा मफलरमध्ये घामाघूम होऊन माझ्याकडे बघत उभे होते. त्या नजरेत मला तेव्हा नुसतं कौतुक दिसलं.

पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडलं!

"उघडलं!" मी ओरडलो. शुभानं टाळ्या वाजवल्या. सगळे पडद्याभोवती जमले. एकही जोडाक्षर जागेवर नव्हतं. सगळ्यात वरच्या 'श्री'चा डबा झाला होता. नवऱ्या मुलाच्या नावात तीन डबे होते. ज्या काकांच्या नावावरून दोन भांडणं झाली होती ते सगळे काका आता एकसारखे दिसत होते. शुभाला एक चौकोन हवा होता, मी तिला पानभर दिले होते.

"यात मी कुठं आहे?" शुभानं विचारलं.

मी अंदाजानं एका डब्यावर बोट ठेवलं.

पुढचे दीड तास मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. फाइली आणल्या, बसवल्या, काढल्या. एकदा प्रिंटर गेला, तो आला तर घड्याळ मागं गेलं. मध्येच जेवण झालं, कारली होती. पावणेतीनला व्याह्यांचा फोन आला, "नेलमंगला आलं बघा, स्वल्प ट्रॅफिक आहे, पण चारपर्यंत पोचतो!"

मग रेणुका हळूच म्हणाली, "अण्णा, पलीकडच्या रस्त्यावर तो डिजिटल प्रिंटिंगवाला आहे ना. एक पत्रिका साध्या अक्षरात..."

"सरी, होऊ दे तसं," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन शर्ट घालायला लागले.

ज्या माणसानं आख्ख्या पेटेच्या पोरींच्या पत्रिका छापल्या, तो आपल्या पोरीची पत्रिका दुसऱ्याच्या दुकानात छापून आणायला निघाला होता. तेही मफलर गुंडाळून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक शब्द तरी बोलावा त्यांनी, रागवावं, निदान खोकावं! पण ते शर्टाची बटणं लावत होते आणि बटणं चुकत होती.

"अण्णा, थांबा," मी म्हणालो. "या सॉफ्टवेअरची मूळ सीडी आहे का तुमच्याकडे?"

"आहे की."

"आहे? कुठं?"

"देवघरात."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही."

आयुधपूजेला इथं सगळ्या यंत्रांची पूजा होते. अण्णांनी कॉम्प्युटरबरोबर त्या सीडीचीही केली होती, दर वर्षी, न चुकता. अक्कांनी ती आणली तेव्हा ती सीडी आहे हे सांगावं लागलं. सोळा दसऱ्यांची हळद आणि सोळा दसऱ्यांचं कुंकू, मध्ये एक तांदूळ चिकटलेला. अक्कांनी आधी तिला नमस्कार केला आणि मग ओल्या फडक्यानं पुसली. कॉम्प्युटरनं ती दोनदा थुंकून बाहेर टाकली, तिसऱ्यांदा घेतली. जुनी फाइल मिळाली, जागेवर बसवली, पत्रिका उघडली. 'श्री' आला, काका आले, शुभा आली.

सव्वातीन वाजले होते. शहाणा माणूस इथं थांबला असता. शुभा तर म्हणालीसुद्धा, "भावोजी, राहू दे तो चौकोन." पण मी सॉफ्टवेअर इंजिनियर! आता माघार घेतली तर कारल्याची भाजीसुद्धा मिळणार नाही असं वाटून मी चौकोनाचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला घेतलं. पुन्हा तोच प्रश्न, 'जुन्याच्या जागी नवी ठेवू का?' माझा हात 'हो'कडे गेला. अण्णा खोकले.

"अक्का, कषाय..."

"अहो जावईबापू!" अक्कांचा आवाज एकदम चढला. सहा वर्षांत मी तो इतका चढलेला ऐकला नव्हता. "त्यांच्या घशाला काही धाड भरलेली नाही! चार कप कषाय ओतलं मी त्यांच्यात!"

"मग खोकतायत का?"

"नको म्हणतायत तुम्हाला! सकाळपासून नको म्हणतायत!"

मी वळून अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"स्वल्प," अण्णा म्हणाले. "मागं एकदा भाच्यानं पंचांगाचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्या वेळी पण असंच विचारलं यानं. भाच्यानं 'हो' म्हटलं होतं. अक्षरं सगळी डबे झाली. दुरुस्तीवाल्यानं लागलीच येऊन नीट केलं आणि सांगून गेला, काही विचारलं तर 'नाही' म्हणायचं."

"मग मला सांगायचं ना!"

"असं कसं हो," अण्णा अगदी हळू आवाजात म्हणाले. "जावयाला नाही कसं म्हणायचं?"

माझ्या दीड तासाच्या व्याख्यानात हा मुद्दा नाही. मी वळलो आणि त्या दिवसातलं पहिलं 'नाही' दाबलं.

पत्रिका बचावली. चौकोनाचं सॉफ्टवेअर मात्र आता जुन्या फाइलीवर चालेना. "एकाला जुनी पाहिजे, एकाला नवी," मी डोकं धरून म्हणालो, "आणि ठेवायची जागा सामाईक, एकच!"

"म्हणजे आमच्या पुरणयंत्रासारखं झालं की हे," अक्का कप उचलता उचलता म्हणाल्या. "आधी माझ्यात आणि वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईत एकच होतं. तिनं बारीक भोकाची जाळी बसवून आणली. तिचे ओब्बट्टू मऊ झाले आणि माझं पुरण अडकून बसलं. वर्षभर बोलणं बंद."

"मग?"

"मग काय? तिचं तिच्या घरात, माझं माझ्या घरात. सामाईक कशाला पाहिजे?"

"अक्का, कॉम्प्युटरात तसं नाही करता..." असं म्हणता म्हणता माझं तोंड उघडंच राहिलं. कारण कॉम्प्युटरात अगदी तसंच करता येतं. सॉफ्टवेअर आधी आपल्या स्वतःच्या घरात फाइल शोधतं, तिथं नसली तरच सामाईक जागी जातं. मी नवी फाइल चौकोनाच्या फोल्डरात ठेवली, जुनी सामाईक जागी राहू दिली. दोन्ही उघडली. दोन्ही गुण्यागोविंदानं चालली. मला त्या कामाचा पगार मिळतो आणि अक्का सातवीपर्यंत शिकल्यात.

चारला दहा कमी असताना पत्रिका छापून बाहेर आली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली, एकेक अक्षर बघितलं आणि मफलरनं डोळे पुसले. (कषायामुळे नव्हे.) खाली उजव्या कोपऱ्यात माझा चौकोन चमकत होता. तो बघून मी दिवसभराचा शीण विसरलो.

सव्वाचारला व्याही दारात. घाईघाईनं पत्रिका देवापुढे गेली, अक्कांनी हळदकुंकवाची वाटी घेतली आणि पद्धतीप्रमाणे चारी कोपऱ्यांना बोट टेकवलं. वर डावीकडे. वर उजवीकडे. खाली डावीकडे. आणि खाली उजवीकडे, चौकोनाच्या बरोबर मध्ये, चांगलं दाबून.

होणाऱ्या नवरदेवानं कौतुकानं फोन काढला, चौकोनावर धरला, जवळ नेला, लांब नेला. काही उघडेना.

"असू दे की हो," व्याही हसत म्हणाले. "पेटेत कोणालाही विचारलं तरी मंटप दाखवतील!"

सगळे हसले. तेवढ्यात शुभा काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडे वळली. "भावोजी, हा चौकोन तुम्ही तुमच्या फोनवरच बनवून नुसतं चित्र म्हणून आत टाकला असता, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं ना?"

मी खोकलो. अक्कांनी उरलेलं कषाय माझ्या हातात दिलं आणि मी ते निमूटपणे प्यायलो.

बाकीच्या पत्रिका चौकोनाशिवाय छापल्या. लग्न थाटात झालं, लोक बरोबर मंटपात पोचले. निघताना मी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "अण्णा, यापुढं मला सरळ नाही म्हणायचं. संकोच करायचा नाही." अण्णा म्हणाले, "सरी." मला वाटलं, मान ठेवायला म्हणाले असतील.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. कॉम्प्युटर फारच हळू चालतोय असं मला वाटलं आणि मी म्हणालो, "अण्णा, याला जरा वेगवान करून देऊ का? पाच मिनिटांचं..."

अण्णांनी नुसतं मॉनिटरकडे बोट दाखवलं. केराच्या टोपलीतली ती पिवळी चिठ्ठी इस्त्री करून पुन्हा कपाळावर चिकटवली होती. मी सगळ्यांदेखत एकेका अक्षरावर बोट फिरवत वाचली. वरची ओळ जुन्या, फिक्या शाईत होती, 'काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं.' खाली नव्या, ठळक शाईत एक ओळ वाढवली होती, 'जावयांनी विचारलं तरी.'

अण्णा शेजारीच उभे होते. अजिबात खोकले नाहीत.